लिंबू पुढे सरकवलं तेव्हा

गोडदेव, मंगळवार संध्याकाळ

आज एक गणित मी एकट्याने सोडवलं. मी! दहावीला दोनदा आपटलेला, आता बाहेरून बसणारा.

धाकट्या बहिणीने, शोभाने, सकाळीच बजावलं होतं, "दादा, आजचं तुझं तू सोडव. नाहीतर माझी शिकवणी बंद." गणित असं: आज दुपारची भरती बारा वाजता, तर उद्या दुपारची किती वाजता? मी लगेच म्हटलं, बारा. "म्हणजे चंद्र झोपून राहतो का रे?" तिने तांब्याची पृथ्वी केली, लिंबाचा चंद्र. "भरती चंद्राच्या मागे जाते, आणि तो रोज बारा अंश पुढे सरकतो," एवढं सांगून कॉलेजला गेली.

लिंबाकडे बघत बसलो. मध्येच पतंग दिसला, गच्चीवर जाऊन आलो. परत लिंबू. आणि एकदम उत्तनचा पीटर आठवला. त्याच्या होडीतून फिरायला मी किनाऱ्यावर थांबायचो, आणि तो रोज कालच्यापेक्षा उशिरा निघायचा. शिव्या घातल्या की म्हणायचा, "पानी चढला न्हाय, होडी काय डोक्यावर नेऊ?" मला वाटायचं, आळशी, थापा मारतोय.

लिंबू सरकवलं. तांब्यावरचा पोचा म्हणजे आपला किनारा; तांब्या पूर्ण फिरवला, तरी लिंबू पोच्यासमोर येईना! अजून बारा अंश फिरवावा लागला. चोवीस तासांत तीनशे साठ, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. बारा वाजून अठ्ठेचाळीस!

शोभाने उत्तर बघितलं, पुस्तक बघितलं, मग लिंबू उचललं. "सरबत करते. उद्यासाठी दुसरा चंद्र आणून ठेव."

उद्यासाठी, म्हणाली.