मागच्या अंगणाकडची खोली ऋताची

मी, तरुलता हरसुखराय अंजारिया, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त, राहणार भावनगर, हे मृत्युपत्र आज माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. रक्तदाब सोडला तर प्रकृती ठीक आहे, आणि डोके माझ्या भावाला परवडणार नाही इतके ठिकाणावर आहे. हा मजकूर कोणाच्या दडपणाखाली लिहिलेला नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला होता, त्याची हकीकत कलम ४ मध्ये आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात राहते घर मी माझ्या भाच्याला दिले होते, ते या लिखाणाने रद्द समजावे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुबेदा कपासी हिने करावी. आमच्या 'ओटलो' संस्थेत माझ्यानंतर कायदा व धोरण विभाग तीच सांभाळते. विभागाचे नाव भारदस्त आहे, काम साधे. घरात मार खाणाऱ्या बायका संस्थेकडे येत, त्यांचे दावे आमचे वकील चालवत, आणि तेच दावे फिरून फिरून का येतात ते पाहून नियम बदलायला लावणे माझ्याकडे असे. त्यामुळे कोर्टात मी क्वचितच उभी राहिले. माझा जन्म साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर गेला. जुबेदाची निवड अशासाठी, की ती मला तोंडावर 'तरुबेन, हे चुकीचं आहे' म्हणत आली आहे, आणि माझ्या पश्चात माझ्या भावालाही ती ते म्हणू शकेल.

२. कायद्याची पुस्तके जुबेदाला. त्यांत समासात पेन्सिलीने लिहिलेले माझे शेरे काही ठिकाणी असभ्य आहेत, ते खोडू नयेत. बँकेतली ठेव संस्थेच्या त्या निधीत जावी, ज्यातून घर सोडून आलेल्या बाईला नव्या खोलीचे पहिले भाडे दिले जाते. पितळी कड्यांचा झोपाळा मोटाभाईंना, म्हणजे माझे थोरले बंधू जनकराय यांना. तो आमच्या वडिलांचा आहे आणि मोटाभाई तो अनेक वर्षे मागत आहेत. कश्यपला, म्हणजे मोटाभाईंच्या मुलाला, अडगळीत ठेवलेली त्याची लहानपणची सायकल द्यावी. प्रत्येक सुट्टीत तो माझ्याकडे, म्हणजे आपल्या फोईकडे, आत्याकडे, असायचा आणि माझ्या अंगणात सायकल शिकला. मुलगा माझा फार लाडका होता. अजूनही आहे, पण त्याने पुढच्या कलमांत काही फरक पडत नाही.

माझे डोळे दान करावेत. तेराव्याचे जेवण घालू नये. ज्ञातीतल्या मंडळींना फारच वाईट वाटले तर त्यांनी आपापल्या घरी जेवावे.

३. मागच्या अंगणातली संगमरवरी पाटी शेठ व्रजलाल मेहता यांना किंवा त्यांच्या वारसांना सन्मानपूर्वक परत करावी. आमच्या गावात देणाऱ्याचे नाव दगडावर कोरल्याखेरीज दान पोचल्यासारखे वाटत नाही. पाणपोईवर पाटी, गोशाळेवर पाटी, स्मशानातल्या बाकावरसुद्धा पाटी. आमचा निवारा ज्या घरात होता त्याचा पत्ता कोणा नवऱ्याला लागू नये म्हणून आम्ही तो पोस्टमनपासूनही लपवून ठेवला होता. व्रजलालशेठनी त्या घराला नवे छप्पर घालून दिले आणि आम्हाला सुखद धक्का द्यावा म्हणून दारावर आपल्या आईच्या नावाची पाटी लावून घेतली, खाली ठळक अक्षरांत 'पीडित महिला निवारा'. उद्घाटनाचे निमंत्रण पत्त्यासकट वर्तमानपत्रात दिले. त्याच दुपारी आम्ही सगळ्या बायकामुलांना टेम्पोत बसवून दुसरीकडे हलवले.

मी शेठना फोन केला. ते म्हणाले, 'पण बेन, नवऱ्यांपासून लपवायचं कशाला? आपली बायको एवढ्या पक्क्या इमारतीत राहते म्हटल्यावर त्यांनाही बरंच वाटेल ना.'

माणूस वाईट नव्हता. ती पाटी उतरवून मी घरी आणली आणि तिच्यावर इतकी वर्षे कपडे धुतले. अक्षरांची बाजू जमिनीकडे आहे, त्यामुळे अक्षरे शाबूत आहेत.

४. माझे राहते घर, तळमजला, मागच्या अंगणासह. हे मी माझ्या पगारातून घेतले. झोपाळा सोडला तर त्यात वडिलोपार्जित काहीही नाही. हे घर मी कश्यपला देत नाही. का, ते सविस्तर लिहिते, म्हणजे म्हातारीला कोणीतरी भरीस घातले असे उद्या म्हणता येणार नाही.

मागच्या दिवाळीनंतर कश्यपची बायको ऋता माझ्याकडे राहायला आली. एका हातात पिशवी आणि दुसरा हात प्लास्टरमध्ये. हात दारात सापडला, असे मोटाभाई सांगतात. दार कोणी लावले ते सांगत नाहीत. ऋताने सांगितले. याआधीही ती माहेरी गेली होती आणि कश्यप प्रत्येक वेळी जाऊन तिला घेऊन आला होता, हेही मला तेव्हाच कळले. गावभरच्या बायकांची दुखणी मला ठाऊक होती, आणि तीन गल्ल्यांपलीकडच्या माझ्या भावाच्या घरातले ठाऊक नव्हते.

आमच्याकडे अशा वेळी 'समाधान' करतात. दोन्हीकडची वडील मंडळी बसतात, स्टँपपेपर आणतात, बायको लिहून देते की मी सहन करून राहीन, नवरा लिहून देतो की मी नीट वागवीन, आणि मग सगळे जेवायला बसतात. या कागदांशी भांडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पदरात पडला तो एवढाच नियम, की समाधान नोंदवण्याआधी बाईला वेगळ्या खोलीत नेऊन, दार लावून, एकटीला विचारायचे. तो नियम समजावायला मी एका पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा तिथले फौजदार म्हणाले, 'बेन, वेगळी खोली कुठून आणू? आम्हालाच बसायला जागा नाही.'

'मग तुम्ही बाहेर उभे राहा, साहेब,' मी म्हटले. ते खरोखरच जाऊन उभे राहिले. त्यांच्याविषयी मला आजही आदर आहे.

संक्रांतीचे उत्तरायण झाल्यावर मोटाभाई कश्यपला घेऊन माझ्याकडे आले आणि झोपाळ्यावर बसले.

'तरु, मुलगा चुकला. मी बाप असून सांगतो, चुकला. आता तू हे घर त्याच्या नावावर कर, तो आजच्या आज तिला परत घेतो. इथंच राहतील दोघं, तुझ्या डोळ्यांसमोर. तुलाही म्हातारपणी सोबत.'

'आणि नाही केलं तर?'

'तर मग आम्ही काय करणार? सुनेनं किती दिवस फोईच्या घरी राहायचं? लोक आम्हाला विचारतात.'

कश्यप मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, 'फोई, गावातल्या सगळ्या बायकांना घर मिळवून देता. सख्ख्या भाच्याची पाळी आली की हात आखडला तुमचा.'

'ऋताला विचारते,' म्हणून मी उठले. मोटाभाईही उठले.

'तुम्ही बसा.'

'तरु, हे घर आहे, तुझं ऑफिस नाही.'

'म्हणून तर खोली शोधावी लागत नाही,' मी म्हटले आणि स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले.

ऋता तुरीच्या शेंगा सोलत होती. मोडलेल्या हाताची बोटे अजून नीट वळत नव्हती. मी मनात ठरवूनच आले होते. तिला म्हटले, 'घर त्याच्या नाही, तुझ्या नावावर करते. मग तुला कोणी बाहेर काढू शकणार नाही. इथं पाऊल टाकायलाही त्याला तुझी परवानगी लागेल.' कागदावर याहून भक्कम व्यवस्था दुसरी नाही, आणि ती मला सुचली याचा मला जरा गर्वही झाला होता.

'नको, फोई.'

'का?'

'माझ्या नावावर केलंत तर तो उद्याच न्यायला येईल. पेढे घेऊन येईल. गोड बोलेल.'

'बोलू दे. तू जाऊ नकोस.'

'तो गोड बोलला की मी जाते,' ती म्हणाली. 'मला माझं माहीत आहे. त्याला हवंसं वाटेल असं माझ्याजवळ काही ठेवू नका.'

मी आयुष्यभर जे मसुदे केले त्यांत बाईला मालकी मिळवून द्यायची, इथपर्यंत माझी मजल होती. ऋताने जे सांगितले ते त्यांत कुठेही नव्हते. मला तिच्याबद्दल वाईट वाटले आणि तिचा अभिमानही वाटला. आम्ही दोघींनी उरलेल्या शेंगा सोलल्या आणि मग मी बाहेर जाऊन सांगितले, की ती येत नाही आणि घरही मिळत नाही. मोटाभाई चहा न घेता गेले. ते अजून बोलत नाहीत. त्याचे मला दुःख आहे, पण त्यावर उपाय म्हणून द्यायला माझ्याकडे घर नाही.

५. म्हणून, सदर घर मी 'ओटलो' संस्थेस देते. त्यातली मागच्या अंगणाकडची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या वापरासह, ऋता हिला हयातभर राहण्यासाठी. हा हक्क केवळ राहण्याचा आहे. तो विकता, गहाण टाकता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही, म्हणजे त्यासाठी तिच्याशी गोड बोलण्यात कोणाचा फायदा नाही. ज्या बैठकीला कश्यप, मोटाभाई किंवा ज्ञातीतले कोणी हजर असेल, त्या बैठकीत ऋताने हक्क सोडल्याचा कागद केला तर तो या मृत्युपत्रापुरता कोरा समजावा, सही तिची स्वतःची असली तरीही. उरलेल्या खोल्यांत कायदा विभागाने आपले कार्यालय आणावे. इथे निवारा काढू नये, पत्ता सगळ्या ज्ञातीला पाठ आहे. आणि दारावर माझ्या नावाची पाटी लावू नये.

६. हे कलम जुबेदासाठी.

ऋता कदाचित परत जाईल. जाऊ नये असे मला फार वाटते, पण मी या कामात केस पांढरे केले आहेत आणि परत गेलेल्या बायका मोजणे मी केव्हाच सोडून दिले. ती निघाली तर तिला अडवू नये. कायदा समजावत बसू नये. 'तरुबेननी तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये. कश्यप न्यायला आला तर त्याला बाहेर थांबवून ऋताला एकटीला विचारावे, आणि ती जे सांगेल ते मान्य करावे.

ती गेल्यावर खोली दुसऱ्या कोणाला देऊ नये. जागा अपुरी पडते म्हणून तिथे फायली रचू नयेत. रचल्या जातील, मी तुम्हाला ओळखते, म्हणून लिहून ठेवते. खोलीची किल्ली तिच्याजवळच राहील. गादी अधूनमधून उन्हात टाकत जावी.

ती परत येईल तेव्हा, पहिल्यांदा असो की दहाव्यांदा, इतके दिवस कुठे होतीस, का गेलीस, आता काय ठरवलेस, यातले काहीही विचारू नये. जेवलीस का, एवढेच विचारावे, आणि जेवली नसेल तर वाढावे.

येथवरचा मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. तो मला मान्य आहे, म्हणून त्यांच्या देखत सही करते. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

(सही) तरुलता हरसुखराय अंजारिया

साक्षीदार
१. (सही) डॉ. भद्रायु वसावडा, राहणार भावनगर. मृत्युपत्र करणारीस मी आज तपासले असून ती पूर्ण शुद्धीत आहे.
२. (सही) निरुपमा छाया, शेजारी, राहणार भावनगर

स्थळ: भावनगर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९