पहिला वार दादाचा

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

दादाचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल आलेला. बोलता बोलता मी त्याला युद्धाची वही दाखवली. शाळेत असताना आम्ही दोघांनी रचलेलं परग्रहवासीयांचं युद्ध. मिठाळ त्याचे, आजोबांच्या मिठागरावरून सुचलेले, ओले झाले की विरघळणारे. तिडोळे माझे. गणपतीत युद्ध बंद, हा आमचा नियम. विसर्जन झालं की पहिला वार आळीपाळीने.

आम्ही शेवटचा गणपती एकत्र केला त्याला नऊ वर्षं झाली. पुढचा वार त्याचा होता. तेव्हापासून युद्धबंदीच चालू आहे!

म्हटलं, "दादा, वार कर ना."

हसला. "अगं, अजून लिहितेस? माझ्या वतीने तूच मार."

तूच मार काय? रागच आला. तरी कॉल संपल्यावर पेन घेतलं, मिठाळांचं जहाज निघालं असं लिहिलं आणि लगेच खोडलं. त्याच्या बाजूने मी कशी लढणार? की तिकडच्या बर्फात विरघळले त्याचे मिठाळ?

नऊ वर्षं शांतता. मला नकोय ती. माझे तिडोळे तिन्ही डोळे आकाशाकडे लावून बसलेत. ये ना रे, हल्ला करायला तरी.