माझ्या नवऱ्याची हडळ

सोमवार, ३ जून

नव्या मालिकेचा पहिला भाग पाहिला. निम्मा वेळ जाहिराती, उरलेल्या वेळात एक दार उघडतं. एकच. तेही तीनदा — समोरून, बाजूने आणि सासूच्या डोळ्यांतून. दारामागे कोणी नाही. म्हणजे उद्या असेल.

सून मेली आहे, हडळ होऊन घरात वावरते आहे, सगळ्यांचा सूड घेणार आहे. मेल्यावरही बाईची लिपस्टिक जागच्या जागी. वारा सुटतो तो फक्त तिच्या केसांना. मागचा पडदा ढिम्म.

शेवटी पाट्या पळतात, त्यात 'संवाद' म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव. पापणी लवेपर्यंत गेलंसुद्धा. हा सोफ्याच्या कडेवर टेकून बसला होता.

'कसा वाटला?'

'बरा आहे.'

भिकार आहे. इथे लिहून टाकते, म्हणजे तोंडातून जाणार नाही.

बुधवार, ५ जून

आज ती भिंतीतून आरपार गेली. पुढच्याच प्रसंगात दार वाजवून आत आली.

शुक्रवार, ७ जून

सासूबाईंचा फोन. 'अगं, त्याचं नाव इतकं भरभर का नेतात? चष्मा सापडेपर्यंत जातं.' त्यांना मालिका आवडते. सासू झालेली नटी त्यांना त्यांच्या जावेसारखी वाटते, त्यामुळे ती घाबरली की त्यांना बरं वाटतं.

आमच्या चष्म्याच्या दुकानातही तेच. काउंटरवरची पोरगी म्हणाली, 'ताई, काल मी पांघरुणात तोंड घालून बघितलं.' मी काच घासत राहिले. नवरा लिहितो हे तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मंगळवार, ११ जून

आजचं वाक्य: 'मी गेले नाही, मी इथेच आहे, या भिंतींत, या श्वासांत.'

श्वासांत! मेलेल्या बाईने निदान श्वासाचं तरी नाव काढू नये.

हा असा नव्हता. लग्नाआधी याच्या एकांकिका पाहायचे तेव्हा वाटायचं, हा माणूस लोकांच्या घरात खुर्चीखाली बसून ऐकतो की काय. साधं 'जेवलास का' असं कोणी म्हटलं तरी मी खुर्चीत पुढे सरकायचे. आता रोज सात पानं पाडतो. मान खाली, पाठ माझ्याकडे. मी काही म्हणत नाही. तसे आम्ही बऱ्याच गोष्टींबद्दल काही म्हणत नाही.

गुरुवार, १३ जून

टीव्ही बंद करून लगेच वही काढली.

आज हडळ पलंगावर बसली. मांडीवर बाळाचं झबलं. घडी घातली, मोडली, परत घातली. संगीत नाही, वारा नाही. एक शब्द बोलली नाही. बराच वेळ नुसती घडी.

ती मी आहे. सात वर्षांपूर्वी आमची मुलगी पोटातच गेली. घरी आल्यावर मी अशीच बसायचे, आणून ठेवलेल्या झबल्यांच्या घड्या मोडत आणि घालत. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दारात हा उभा असायचा. मला वाटायचं, याला काही दिसत नाही.

दिसत होतं तर. साठवून ठेवलं आणि साडेआठच्या जाहिरातींच्या मधे विकलं.

शुक्रवार, १४ जून

काउंटरवरची पोरगी म्हणाली, 'काल पहिल्यांदा भीती नाही वाटली, ताई. नुसतं रडू आलं.' मी मागे जाऊन नळ सोडून उभी राहिले.

घरी आल्यावर बोलले. 'ती घडी माझी होती.'

तो पानं बाजूला करायला लागला. 'हो.'

'विचारलं का नाहीस?'

'विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.'

'म्हणून त्या भुताच्या मांडीवर नेऊन टाकलीस?'

हातातली पानं खाली ठेवून म्हणाला, 'त्या सगळ्या लिखाणात मला खरं असं तेवढंच माहीत होतं.'

मी जेवले नाही. तोही नाही. ताटं तशीच झाकून ठेवली.

बुधवार, १९ जून

आज दुपारीच घरी आला. त्याच्या वरच्यांना तो प्रसंग फार आवडला म्हणे. इतका, की पुढे वाढवा म्हणाले — हडळीला आता बाळांची भूक लागते, शेजारणीचं तान्हं ती त्याच झबल्यात गुंडाळून पळवते.

'मग?'

'मी म्हटलं, ती असं करणार नाही. ते म्हणाले, भूत आहे हो ती. मी म्हटलं, नाही, आई आहे. तर हसले.' मग म्हणाला, 'सोडून आलो.'

मला राग यायला हवा होता, आलाही. पण त्याच्यावर नाही. चहा टाकला. सासूबाईंना काय सांगायचं, एवढंच बोललो आम्ही.

सोमवार, २४ जून

नव्या लेखकाचा पहिला भाग. दोघांनी मिळून पाहिला. हडळीने तान्हं पळवलं. तान्हं म्हणजे सरळ सरळ बाहुली — पाय वाकतच नव्हते. हडळ म्हणाली, 'मातृत्वाची ही आग आता तुमची राख करेल!' आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा म्हणाला, 'मी इतका वाईट नव्हतो ना?' मी म्हटलं, 'जवळपास होतास.' हसता हसता त्याला ठसका लागला. पाठ चोळली. किती दिवसांनी हात लावला त्याला, कोण जाणे.

बंद केला टीव्ही. परत लावणार नाही.

रविवार, ३० जून

सकाळी भाजी निवडताना त्याने विचारलं, 'मनात आपल्या लेकीशी बोलतेस तेव्हा काय म्हणून हाक मारतेस?' मी म्हटलं, 'नुसतं अगं म्हणते.' तोही तेच म्हणतो.

दुपारपर्यंत बसलो. तिचं नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही.