शिट्टी माझी होती

रविवार, संध्याकाळ. वणी

सुदामच्या गळ्यात माझी पितळी शिट्टी होती. दिवसभर दुसरं काही दिसलंच नाही.

आमच्या बंद पडलेल्या कोळसा खदानीत तो आता लोकांना फिरवतो. खड्ड्यात पाणी साचून तळं झालंय, मातीच्या ढिगांवर झाडी माजलीय, तिथले पक्षी दाखवतो. यवतमाळहून आलेली माणसं त्याला 'सर' म्हणतात. सुदामला! सुरुंग लावताना माझ्या मागे लाल झेंडी धरून उभा राहायचा तो. शिट्टी मी वाजवायचो. निवृत्त होताना मीच दिली त्याला. खदानच बंद होऊन राह्यली, मले कायले पाहिजे, म्हटलं. काहून दिली?

आज मीही त्या लोकांसोबत फिरलो. परतताना सगळ्यांना गोळा करायला त्यानं ती तीनदा लांब वाजवली. आणि मी? धावत जाऊन दगडाआड उकिडवा बसलो, कानांवर हात. तीन शिट्ट्या म्हणजे सुरुंग उडणार, हे अंगातच मुरलंय. सगळे हसले.

सुदाम हसला नाही. लोकांना म्हणाला, "हे आमचे भाऊ. इथला दगड यांनीच फोडला, म्हून हे तळं झालं. यांची शिट्टी वाजली का आमी सारे असेच बसत होतो."

टाळ्या वाजल्या. माझी ओळखसुद्धा त्यानंच करून द्यावी! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

निघताना म्हणणार होतो, माझी शिट्टी परत दे. तोंडून निघालं, "मस्त फिरवून राह्यला बे तू."

तो लाजला. गळ्यातली शिट्टी काढून, सदऱ्याला पुसून त्यानं वरच्या खिशात ठेवली. जपून, मी ठेवायचो तशी.