वैष्णवी आन् तिचं घंगाळ कुणाच्या हवाली

मी चन्नम्मा शिवराज बिराजदार, वय सव्वीस, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. रातभर डोळा लागला न्हाय. उद्या पोटातली गाठ काढणार हायत. कायबी झालं तर दवाखाना जबाबदार न्हाय म्हणून सही घेतली, तवापासून लई भ्या वाटतंय. पण डोकं ठिकाणावर हाय आन् हे माझ्या मनानंच लिहितेय.

१. माझी वैष्णवी, वय चार. तिचा बाप वारला. तिला माझ्या भावानं, राजशेखरदादानं, अक्कलकोटला न्यावं. सासूबाई सारजाबाई म्हणल्या, "टेंभुर्णीला तुझ्या जावंकडं ठिऊ, भांडी तर घासंल." तितं धाडू नका.

२. तांब्याचं घंगाळ वैष्णवीचं. कुणी मोडीत घालू नये.

हे घंगाळ दादानं बारशाला आणलं. आमचं भंगाराचं दुकान, म्हणून सासूबाई चारचौघांत म्हणल्या, लोखंडाला मुलामा दिलेला असंल, चुंबक लाव. मी लावला. घंगाळ तिरकं धरलं तर चुंबक सरसर घसरला न्हाय, अडखळत, हळू उतरला. सासूबाई म्हणल्या, "धरतंय की." मी बी व्हय म्हणले. दादा ताटावरनं उठून गेला. चार वर्सं झाली, बोलत न्हाय. शिवराज गेले तवा बी मी कळवलं न्हाय.

मागल्या वर्सी माझ्याबरोबर भंगार निवडणाऱ्या मीनाबाईनं तांब्याच्या जाड पाइपात चुंबक सोडला. सुतानं सोडल्यावानी सावकाश खाली आला, कडंला चिकटला न्हाय. तिचा नवरा जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरतो, त्यानं तिला सांगितलेलं. ती म्हणली, "लोखंड असतं तर चिकटूनच बसला असता. चुंबक हलला की तांब्यात करंट फिरतो, त्यो त्याला मागं ओढतो. हळू उतरला म्हंजी तांबं खरं, येडे."

घरी येऊन घंगाळावर परत चुंबक सोडून बघितला. मग त्याच्याजवळच बसून राहिले. सांगायला कुणी नव्हतं.

३. चुंबक आन् हातमोजं मीनाबाईला. शिलाई मशीन सासूबाईला. त्यांच्यावर राग हाय, पण मशीन त्यांनाच.

साक्षीदार: मीनाबाई (अंगठा), तिचा नवरा त्रिंबक (सही).
सही: चन्नम्मा.
सोलापूर, १४ जानेवारी २०२५.

हा कागद ज्याच्या हातात पडंल त्यानं दादाला फोन करावा. नंबर मागं लिहिलाय. तीनदा लावला आन् वाजायच्या आत कापला. मी वाचले तरी करा. माझ्यानं व्हत न्हाय.