रॉकेल नव्हतं

१२ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

बाबा घरी आले, माझा जीव भांड्यात पडला. फोनवर स्वतःलाच हसत होते. म्हणाले, नाकातल्या नळीतून काळा कोळसा भरून माझं आगगाडीचं इंजिन केलं! पण हात अजून थरथरतो, घड्याळाचा स्क्रू चिमट्यात धरवत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस! न बघता सरबताची बाटली तोंडाला लावली म्हणून मी त्यांना चांगलं झापलं. चुकलंच माझं, म्हणाले.

तू मात्र वेळेवर नेलंस. शाबास. लोभ आहेच, पत्रांची कंजुषी नको.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ती शाबासकी परत घे. सरबताच्या बाटलीत औषध मीच भरलं होतं. मी कामाला जातो त्या रोपवाटिकेतलं फवारणीचं, आपल्या गुलाबांसाठी, मालकांना न विचारता आणलेलं. बाबांना मालकांच्याच गाडीतून इस्पितळात नेलं. काय प्यायले, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मालक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, रॉकेल. वासही तसाच होता.

बाई म्हणाल्या, मग कोळसा द्यायचा नाही. रॉकेल त्याला नीट चिकटत नाही, शिवाय उलटी झाली तर फुफ्फुसात जाईल. फवारणीचं विष मात्र कोळसा पोटातच धरून ठेवतो, पण खरा उपयोग पहिल्या तासात. हे मला नंतर कळलं. पाऊण तास मी बाकावर बसून होतो, ताई. बाबांना दरदरून घाम फुटला, लाळ गळायला लागली, तेव्हा कुठे खरं बोललो. मग इंजेक्शनं, नळी, कोळसा, सगळं उशिरा.

आता बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, चूक माझीच. मी खाली मान घालून ऐकतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं. तूच सांग ना त्यांना. लोभ असावा म्हणायला तोंड नाही.

धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले गेले, राहू देत. बाबांना झापल्याची मलाच लाज वाटते. फोन करून माफी मागितली, कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, अगं, कशाबद्दल?

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. पत्ता चुकलास. बाबांना अजून बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा समोर बसून तूच वाचून दाखव. ‘ताई’ आहे तिथे ‘बाबा’ म्हण.

लोभाचं त्यानंतर बघू.

ताई