पाणीपुरवठ्याची गाडी

ता. ९, सोमवार, दुपार

तीर्थरूप अण्णांना,

साष्टांग नमस्कार. माझ्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा घातला असं समजा. मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? ताई औषध वेळेवर देते की नुसतीच बोलते?

टायरचं दुकान सोडलं. ओरडू नका, भांडण वगैरे नाही झालं, कंटाळा आला. आता एका थिएटरात खुर्च्या शिवतो. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आत नवा फोम भरायचा, जाड सुईनं टाके घालायचे. त्या खुर्च्यांच्या फटीत काय काय सापडतं म्हणून सांगू! परवा चक्क कवळी सापडली. अण्णा, माणूस दातांशिवाय घरी गेलाच कसा? बायकोनं विचारलं नसेल? प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटरकाका म्हणाले, "हसताना उडाली असेल." तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघतोय.

हसण्यावरून आठवलं. आमच्या मालकीणबाई एक नंबरच्या हुशार. म्हणाल्या, "फुकट सिनेमा बघतोस ना? मग हस तरी मोठ्यानं." माझं हसणं तुम्हाला माहीतच आहे, सायकलच्या पंपात हवा अडकल्यासारखं. पण मी हसलो की पुढची रांग हसते, मग मागची, मग बाल्कनी. त्यामुळे आता सकाळी खुर्च्या शिवायच्या आणि दुपारच्या खेळाला मधोमध बसून हसायचं, ही माझी नोकरी.

सध्या एक चोरीचा सिनेमा लागलाय. छोट्या गावातले तीन येडे बँक लुटायला जातात. तिजोरी काही उघडत नाही, म्हणून रिकाम्या हातानं कसं जायचं असं म्हणत टेबलफॅन उचलून पळतात. वायर भिंतीतच! एक जण ओढतोय, दुसरा ओरडतोय, "अरे बटण तरी बंद कर!"

पहिल्या दिवशी मी उशिरा आत शिरलो होतो, तो थेट पोलीस आला तिथे. चोरांची गाडी चिखलात रुतलेली. पोलीस रुमालानं गाडीचा कोपरा पुसतो आणि पडदाभर अक्षरं येतात: रंगाऱ्याचं नाव, पत्ता दवाखान्यामागे, आणि खाली "बोर्ड रंगवून मिळतील". मी असा हसलो अण्णा, की शेजारच्या बाईंच्या हातातला चहा सांडला. अख्खा हॉल माझ्यामागे हसला.

मग कॅमेरा मागे गेला. पूर्ण गाडी दिसली, सरकारी वाटावी म्हणून चोरांनी रंगवून घेतलेली. गाडीवर मोठ्या सावलीदार अक्षरांत "पाणीपुरवठा विभाग".

हसू तिथेच अडकलं. हॉल मात्र हसतच होता.

मला शाळेत पोरं "ए पाणीपुरवठा" म्हणून हाक मारायची. का, ते कुणी सांगायचं नाही. आईला विचारलं तर म्हणायची, अण्णा बाहेरगावी कामाला गेलेत, पोरांकडे लक्ष देऊ नकोस. अभ्यास डोक्यात शिरत नाही म्हणून मी शाळा सोडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिरत होता, अण्णा. नंतर मोठेपणी थोडं इकडून, थोडं तिकडून कळलं, पण मामानं तुम्हाला एका चोरीत ओढलं आणि तुम्हाला तुरुंगात जावं लागलं, यापलीकडे काही नाही. तुम्ही बोलला नाहीत, मीही कधी विचारलं नाही. गावोगाव फिरत राहिलो.

पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही. सिनेमातला रंगारी जाडा आहे, नाकाला रंग लावून फिरतो. ब्रश तर झाडूसारखा धरतो. सरळ ओळीसाठी खडूची दोरी न मारताच अक्षरं काढायला घेतो आणि शेवटचा फटकारा मारला की त्याच दमात सही करतो. ऑपरेटरकाका म्हणतात, हाताला सवयच ती, बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नसेल.

तुम्ही असं कधीच करत नव्हता. रंग वाळल्यावर दुसऱ्या दिवशी जायचात, मला खांद्यावर घेऊन. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून डोळे बारीक करून बघायचात. काम मनासारखं झालं असेल तरच कोपऱ्यात नाव. किराणावाल्याचा बोर्ड तुम्ही बिनसहीचा सोडला होता, कारण त्यातला एक काना तुम्हाला वाकडा वाटत होता.

म्हणजे त्या गाडीकडेही तुम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेला असणार. चोरीच्या आधी. ती अक्षरं इतकी झकास जमली होती का, की राहवलंच नाही? की मामाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही, म्हणून तुम्ही पोलिसांसाठी पत्ता ठेवून दिलात? मी रोज मधोमध बसून हाच विचार करतो. हसायला उशीर होतो. मालकीणबाई म्हणतात, "काय रे, पगारवाढ हवी का?"

आता खरं सांगायचं ते. दोन पानं झाली तरी टाळतोय. हा सिनेमा येत्या शुक्रवारी आपल्या गावात लागतोय. तिथलं थिएटर मालकीणबाईंच्या भावाचं आहे. त्यांनी मला विचारलं, "पहिल्या खेळाला तिकडे बसशील का?" आणि मी हो म्हणून बसलो. का म्हणालो, कोण जाणे. गावाचं नाव ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं.

मी नाही हसलो तरी लोक हसणारच. किराणावाला हसेल, दवाखान्यातला कंपाउंडर हसेल, बाहेर येऊन तुमच्या दाराकडे बघतील. ते मला थांबवता येणार नाही. पण सुरुवात माझ्या तोंडून होणार नाही. मालकीणबाईंना आज संध्याकाळी नाही सांगतो. नोकरी गेली तर गेली.

गुरुवारी मी घरी येतोय. शुक्रवारी दार लावून घरात बसायचं की सगळ्यांदेखत जाऊन बघायचं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तसं करू. पण त्याआधी ओट्यावर बसून मला एवढंच सांगा, त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून तुम्ही त्या गाडीकडे किती वेळ बघत होता?

उत्तर पाठवू नका, पोहोचायच्या आत मी तिथे असेन.

सहा वर्षांनी घरी येणारा,
तुमचा धाकटा